हौस आणि हजेरी

शनिवारी दुपारी टिंबर मार्केटात फणसाच्या फळ्या उलथ्यापालथ्या करत उभा होतो. आत बँडसॉवर कुठला तरी जाडजूड ओंडका चढला होता आणि त्या आवाजात शेजारच्याशी बोलायचं तर तोंड कानाशी न्यावं लागत होतं. बाजूला एक मिस्त्री आपल्या मालाची पावती व्हायची वाट बघत होते. साठीच्या आसपासचे, कानावर चपटी लाल पेन्सिल, शर्टाच्या खिशात घडीची पट्टी. मी निवडलेल्या फळीवर त्यांनी न विचारताच अंगठा फिरवला, एका टोकाला डोळा लावून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं आणि म्हणाले, "ह्यात पीळ हाय. ती खालची घ्या." खालची काढली. ती सरळ होती. 9 इंच रुंद, दीड इंच जाड, 6 फूट लांब. रुंदी गुणिले जाडी गुणिले लांबी, भागिले 144, हा हिशेब मी मोबाइलवर काढेपर्यंत ते बोलून मोकळे झाले होते, "अर्ध्या घनफुटाच्या जरा वर भरंल." मग विचारलं, "काम कुठं चाललंय?" मी सांगितलं की काम नाही, बँकेत आहे, रविवारी हौस म्हणून करतो. ते माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही, चेष्टेनंही नाही. म्हणाले, "आमचं पोरगं रंधा बघितला की तोंड फिरवतंय. त्यानं ह्यात पडू नये म्हणून मी जल्मभर राबलो. आन् तुम्ही पैसं घालून करताय. बरं हाय की."

पावती झाली तसे ते टेम्पोत बसून निघूनही गेले.

हे बोलणं डोक्यातून जाईना. "बरं हाय की" हे कोल्हापुरात शंभर अर्थांनी म्हणतात. त्यातला इथला कुठला, याचा मी घरी येईपर्यंत आणि नंतरही विचार करत राहिलो. फणसाचं लाकूड ताजं चिरलेलं असलं की पिवळंधमक दिसतं. उजेड आणि हवा लागत गेली की ते हळूहळू तांबूस, मग तपकिरी होत जातं. माझ्या घरातला पहिला फणसाचा पाट आता जुन्या तांब्याच्या हंड्याच्या रंगावर आलाय. पाट करताना मला मिळालेला आनंद खराच आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या आनंदाच्या पलीकडं एक माणूस उभा आहे, ज्यानं हेच काम चाळीसेक वर्षं केलं आणि आपल्या मुलाला त्यापासून लांब ठेवणं हेच यश मानलं, हे त्या शनिवारपर्यंत असं समोर येऊन कुणी दाखवलं नव्हतं.

आमचा रविवार राजारामपुरीत डॉक्टरांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जातो. डॉक्टर दातांचे, त्यामुळं बारीक कोरीव कामात त्यांचा हात बसलेला. एक वहिनी शाळेत गणित शिकवतात आणि पोळपाट, लाटणी, मसाल्याचे डबे करतात. एक मुलगा शिरोलीच्या कारखान्यात सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कातकामाच्या मशिनवर आहे. तो आठवडाभर लोखंडात असतो आणि इथं आला की मशिनला हात लावत नाही, फक्त करवत आणि पटाशी. सकाळी मिसळ होते, मग चहा, मग आठवडाभरात कुणी काय केलं ते बाकावर मांडलं जातं. कुणाचं चपलांचं स्टँड, कुणाचा देवघराचा कळस, कुणाचं नुसतंच अर्धं राहिलेलं खोकं. आल्या आल्या वस्तू उलटी करून बघायची हा आमचा रिवाज आहे. वरून सगळंच चांगलं दिसतं, सांधा खालून कळतो. बारानंतर ज्याच्या त्याच्या घरून तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या जेवणासाठी फोन यायला लागतात आणि शेड रिकामं होतं. त्याआधी झाडू मारून भुसा पोत्यात भरायचा, तो एक शेजारी बंबासाठी घेऊन जातात.

आमच्यात सगळ्यात मोठे पॅटर्नवाले काका. आयुष्य उद्यमनगरातल्या फौंड्र्यांत गेलं. बाहेरगावच्या माणसाला फौंड्री म्हटलं की लोखंड आणि भट्टीच डोळ्यांपुढं येते, पण बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, कुठलाही भाग ओतायचा तर आधी तो लाकडात हुबेहूब करावा लागतो. पंपाची बॉडी, इंजिनाचं कव्हर, गिअरबॉक्सचं घर, सगळं आधी सागात. तो लाकडी पॅटर्न वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा आणि राहिलेल्या पोकळीत रस ओतायचा. रस थंड होताना आक्रसतो. बीड फुटाला साधारण 1/8 इंच, पोलाद त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा फूट आपल्या फुटापेक्षा तेवढा मोठा आखलेला, बिडाची पट्टी निराळी, पोलादाची निराळी. काकांकडं त्या पट्ट्या अजून आहेत, तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या. त्यांनी एकदा आपल्या साध्या पट्टीशेजारी बिडाची पट्टी ठेवून दाखवली. सुरुवातीला दोन्ही सारख्याच वाटतात. डोळा पुढं सरकत जातो तसा रेघांमधला फरक वाढत जातो आणि फुटाच्या टोकाला पोचल्यावर ती फट स्पष्ट दिसते. शिवाय पॅटर्नच्या उभ्या बाजूंना अगदी थोडा उतार द्यायचा, नाहीतर वाळूतून उचलताना साच्याची कड तुटते. आतले कोपरे काटकोनात सोडायचे नाहीत, गोलाई भरून घ्यायची. काका म्हणतात, "आमचं लाकूड कुणी बघत नव्हतं. वाळूत जायचं, बाहेर यायचं, काळं व्हायचं. मापात हाय का तेवढंच बघायचे." आता बरेच पॅटर्न अॅल्युमिनियमचे नाहीतर रेझिनचे होतात आणि मशिनवर कोरले जातात. काका हल्ली नातवंडांसाठी चाकाची खेळणी करतात. ती खेळणी मी हातात घेऊन बघितलीत. बैलगाडीच्या चाकालासुद्धा तो उतार आपोआप आलेला असतो. हात ते विसरत नाहीत.

काकांना मी शनिवारची गोष्ट सांगितली. त्यांनी रंधा खाली ठेवला आणि विचारलं, "काय काम करतोय म्हणाला? प्लायचं का लाकडाचं?" टेम्पोत प्लायचेच बोर्ड होते. काकांनी मान हलवली.

त्या मान हलवण्यात बराच इतिहास आहे. आज घरात फर्निचर करायचं म्हणजे 8 बाय 4 चे प्लायचे बोर्ड, वर सनमायका, कडेला चिकटपट्टी, आणि सगळ्याचा दर चौरस फुटावर. मिस्त्री चांगला की वाईट हे तो किती दिवसांत साइट मोकळी करतो यावर ठरतं. कुसू, म्हणजे भोकात बसणारं टोक, काढायचं, भोक पाडायचं, सांधा कोरडाच बसवून बघायचा, पुन्हा दोन वेळा पटाशी मारायची, याला त्या दरात जागाच नाही. म्हणजे ज्याच्या हातात ते सगळं आहे, त्याला ते वापरायला कुणी पैसे देत नाही. आणि ज्यानं ते आयुष्याच्या मध्यावर शिकायला घेतलंय, त्या माझ्यासारख्याकडं त्यासाठी अख्खा रविवार मोकळा आहे. एका ड्रॉवरच्या चार कोपऱ्यांना मी सलग काही रविवार देऊ शकतो आणि माझ्या घरची चूल त्यामुळं एक दिवसही थंड राहत नाही. सावकाश काम करता येणं ही चैन आहे. हे मी चांगल्या अर्थानं म्हणतोय, पण चैन ती चैनच.

लहानपणी मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात बहिणीच्या लग्नाआधी पलंग आणि कपाट घरीच करून घेतलं होतं. मिस्त्री सोप्यात बसायचे आणि काम महिनाभर चाललं. सागाचा तो चामड्यासारखा, थोडा तेलकट वास घरभर, अगदी आईच्या भाकरीलासुद्धा लागलेला. सागात वाळूचा अंश असतो, त्यानं पातं लवकर बोथट होतं, म्हणून ते दर थोड्या वेळानं उठून दगडावर तेल टाकून पातं घासायचे. तो आवाज मला अजून ऐकू येतो. शेवटी लाखेचं पॉलिश. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, कापसाचा बोळा मऊ कापडात बांधलेला, आणि आठाच्या आकड्यासारखा फिरणारा हात. एक थर वाळेपर्यंत कुणी झाडू मारायचा नाही अशी घरात ताकीद. मी शाळेतून आलो की रंध्यातून निघालेली लांब सालपटं गोळा करायचो, कानात घालायचो, गळ्यात माळ करायचो. मिस्त्री कधी कधी माझ्या हातात रंधा द्यायचे, वर आपला हात ठेवायचे. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, एकदा ते बघितलं. मिस्त्रींसमोर काही बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "हत्याराला हात लावायचा नाही. अभ्यास कर, नाहीतर तेच करावं लागेल."

मिस्त्रींचा चहाचा कप आमच्याकडं वेगळा होता. कट्ट्यावर पालथा घातलेला असायचा.

अण्णांच्या त्या वाक्याचं आणि टिंबर मार्केटातल्या वाक्याचं नातं मला आत्ता लागतंय. अण्णांनी मला जे सांगितलं तेच त्या मिस्त्रींनी आपल्या मुलाला सांगितलं. दोन घरांतले दोन बाप, एकाच गोष्टीला भिऊन. माझ्या बाबतीत ते फळाला आलं. मला नोकरी लागली आणि नोकरीच्या जोरावर मी त्याच हत्याराकडं परत येऊ शकलो, कुणीही "तेच करावं लागेल" म्हणणार नाही अशा सुरक्षित जागेवरून. अण्णा आज असते तर त्यांना माझा फणसाचा पाट आवडला असता, आणि शेजाऱ्यांना दाखवताना "बँकेत असतो, हे आपलं हौसेखातर" हे त्यांनी आधी सांगितलं असतं. हौस हा शब्द लावला की काम उजळ होतं. पोटासाठी केलं की तेच काम खालचं होतं. हे मला मनापासून चुकीचं वाटतं, आणि आमच्या शेडमध्ये जे आम्ही इतक्या प्रेमानं करतो त्याच्या मुळाशी हा भेद पडलेला आहे हे मान्य केल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

खरं म्हणजे आमचं शेड सुरूच झालं ते 2019 च्या महापुरानंतर. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याला 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 वर धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ. दसरा चौकाजवळच्या सुतारवाड्यातल्या लोकांना तर पावसाळ्यात गाठोडं बांधूनच झोपावं लागतं, गावात पाणी शिरलं की पहिलं स्थलांतर तिथलं. त्या ऑगस्टमध्ये पाणी ओसरलं आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीपासून कितीतरी गल्ल्यांत घराघरांपुढं फर्निचरचे ढीग लागले. पार्टिकल बोर्डाची कपाटं फुगून भुश्याचा लगदा झाली होती, हात लावला की बोटं आत जायची. स्वस्त प्लायचे थर वहीच्या पानांसारखे सुटले होते. आणि त्याच ढिगात सागाच्या जुन्या खुर्च्या सांधे सुटून पडलेल्या. लोक त्याही घंटागाडीत टाकत होते, कारण तुटल्या असंच सगळ्यांना वाटलं. काकांनी त्यातली एक उचलली. पाय, आडवे दांडे, पाठीच्या पट्ट्या, सगळे भाग वेगवेगळे, पण एकही मोडलेला नाही. जुन्या काळी सांध्याला सरस लावायचे. जनावरांच्या कातड्या-हाडांचा, पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून गरम केलेला. सरस पाण्यात राहिला की सुटतो. म्हणजे खुर्ची तुटली नव्हती, पुरानं ती फक्त उकलून ठेवली होती. सावलीत, वारा लागेल असं रचून ते भाग वाळवले, कुसवांवरचा जुना सरस खरवडला, पुन्हा जोडल्या. उन्हात ठेवल्या असत्या तर बाहेरचं आधी वाळून आतलं ओलं राहिलं असतं आणि फळ्या चिरल्या असत्या. त्या वर्षी आम्ही ओळखीच्यांच्या कितीतरी खुर्च्या आणि एक पाळणा असा पुन्हा उभा केला. 2021 ला परत पाणी आलं, परत तेच.

त्या खुर्च्या कुणी केल्या होत्या हे कुणालाच माहीत नव्हतं. एकीच्या बैठकीखाली पेन्सिलीनं रोमन आकड्यांसारख्या उभ्या रेघा होत्या, एक, दोन, तीन, चार, कुठला पाय कुठं बसतो त्याच्या खुणा. त्या खुणांप्रमाणं लावल्यावर प्रत्येक कुसू आपापल्या भोकात फटकन बसलं. वहिनींनी तेव्हा म्हटलं होतं की ह्या माणसानं दुरुस्ती करणाऱ्यासाठी निरोप ठेवलाय. काका म्हणाले, निरोप वगैरे काही नाही, जोडताना घोळ होऊ नये म्हणून सगळेच करायचे. मला दोघांचंही पटलं.

कोल्हापूरला कारागिरांचं कौतुक नाही असं कुणी म्हणणार नाही. बाबूराव मेस्त्रींनी, म्हणजे बाबूराव पेंटरांनी, इथं सिनेमाचा कॅमेरा स्वतः जुळवला आणि खरी कॉर्नरला आज त्याचा स्तंभ उभा आहे. मिस्त्री घराण्यातल्या हातांनी लोखंड, लाकूड आणि भिंग यांतून ते यंत्र उभं केलं याचा आम्हाला रास्त अभिमान. पण स्तंभापर्यंत पोचलेल्या एकाचं कौतुक वेगळं आणि साइटवर गुडघ्यावर बसून बिजागरी बसवणाऱ्याला "काका, पाणी घ्या" म्हणणं वेगळं. दुसरं आपल्याला फार जड जातं.

मग मी त्या मिस्त्रींना शोधून काढलं. अवघड नव्हतं, वखारीवाल्याकडं नंबर होता. फोनवर विचारलं की पटाशी आणि रंध्याच्या पात्याला धार लावायला शिकवायला याल का. आधी त्यांना वाटलं काही काम आहे. मग वाटलं सत्कार-बित्कार आहे. शिकवायचंच आहे हे पटल्यावर त्यांनी विचारलं, "हजेरी?" म्हणजे दिवसाची मजुरी.

यावरून आमच्यात जरा वाद झाला. डॉक्टरांना वाटत होतं की पैसे दिले तर त्यात व्यवहार येईल, शाल-श्रीफळ देऊ, जेवू घालू, सन्मानानं बोलवू. त्यांचा हेतू चांगला होता. काका मात्र ऐकेनात. म्हणाले, "शाल आमच्याकडं पेटी भरून हाय. ज्याला हौस परवडती त्यानं दुसऱ्याचा रविवार फुकट मागू नये." माझं मत काकांच्या बाजूनं होतं आणि आहे. ज्या गोष्टीची किंमत चौरस फुटात कुणी मोजत नाही, तिची किंमत आपण तरी मोजावी. दर विचारला तर मिस्त्री म्हणाले, साइटची हजेरी अमुक, पण रविवार आहे, दीडपट पडेल. दीडपट ठरली.

ते आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, हत्यारांची पिशवी घेऊन. आमच्या बाकावरची हत्यारं एकेक करून बघितली. चांगली महागाची पटाशी बाजूला ठेवली आणि लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात भंगारवाल्याकडून मी घेतलेला एक जुना लाकडी रंधा उचलला. त्याच्या मागच्या अंगाला कुणाच्या तरी तळव्यानं झिजून खळगा पडलाय. त्यांनी हात त्यात बसवून बघितला, बसला नाही. "मोठ्या हाताचा माणूस होता," एवढंच म्हणाले. मग पातं काढलं, आधी पाठ दगडावर सपाट करून घेतली. आम्ही सगळे तिरक्या बाजूलाच घासत बसायचो, पाठीचा आरसा झाल्याशिवाय धार टिकत नाही हे त्यांनी बोलून नाही, वहिनींच्या हातावर हात ठेवून दाखवलं. मनगट हलवायचं नाही, खांद्यातून पुढं-मागं. बोटाच्या पेराला लागेल न लागेल अशी कड उलटली की दुसऱ्या बाजूनं एक हलका हात. शेवटी फणसाच्या तुकड्यावर रंधा मारला. सालपट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न तुटता आलं, आणि त्याच्या आरपार पलीकडची खिडकी दिसत होती. सीएनसीवाला मुलगा मोबाइल काढायला गेला तेवढ्यात ते त्यांनी झटकून खाली टाकलंही.

चहाच्या वेळी मी विचारलं, स्वतःच्या घरासाठी काय काय केलंय. ते थोडं हसले. "पोरगं झालं तवा पाळणा केलता. नंतर येळ कुठं हुता." डॉक्टर उत्साहानं म्हणाले, आता इथं या, लाकूड आम्ही देतो, घरासाठी काहीतरी करा. मिस्त्रींनी बशी खाली ठेवली. "घरात जागा न्हाई डॉक्टर. दोन खोल्या, त्यात सून येणार हाय." मग जरा थांबून, "आन् खरं सांगू का, सुट्टीला मला काय न करता पडून ऱ्हायला आवडतंय." यावर आम्हाला बोलायला काही नव्हतं. त्यांचं अगदी बरोबर होतं. आपल्याला ज्यात विसावा मिळतो त्यात त्यांनाही मिळावा ही आपली इच्छा, त्यांची नव्हे.

महिन्यातून एक रविवार येतो म्हणालेत, हजेरी तीच. पुढच्या खेपेला करवतीच्या दातांना धार लावणं आणि ते दात आळीपाळीनं दोन्ही बाजूंना किंचित वाकवणं शिकवणार आहेत. त्यासाठी तीन बाजूंची कानस आणून ठेवा म्हणाले, "पैलीच बारीक आणा, मोठी आणून दात खाऊ नका." डॉक्टरांनी महिन्याच्या वर्गणीत हजेरीचा रकाना घातलाय. वहिनींनी आपल्या वर्गातल्या दोन पोरींना आणायचं विचारलं, त्यांच्या घरचे काय म्हणतील ते बघायचं आहे. मिस्त्रींना पोरींचं सांगितलं तर म्हणाले, येऊ देत की, पण आधी त्यांच्या आईबापाशी मी बोलतो.